बिननेढ्याची सुई

धारूरच्या बाजारपेठेत मन्मथप्पांचं कापडदुकान होतं आणि दुकानाच्या पाठीला पाठ लावून घर. दोहोंच्या मधे दार नव्हतं, पडदा होता. पडद्याच्या अलीकडं गिऱ्हाईक, पलीकडं चूल. पडदा म्हणजे एक जुनी सोलापुरी चादर. तिच्यावर दोन मोर एकमेकांकडं तोंड करून उभे. जन्मभर भेटायला निघालेले आणि जन्मभर मधल्या झाडानं अडवलेले.

मन्मथप्पांची शिवांजली त्या मोरांखाली रांगली. चालायला लागली तशी मोराची मान बोटानं चाचपू लागली. लांबून बघितलं की मान गोल, घागरीच्या गळ्यासारखी. जवळ गेलं की गोल कुठंच नाही. नुसत्या पायऱ्या. एक घर वर, एक घर बाजूला, पुन्हा एक घर वर.

"आत्या, मोर पायऱ्यांचा हाय," ती म्हणायची.

चुलीपुढून उमाबाई आत्या म्हणायची, "हाय तर हाय. तू नको चढूस. पडशील."

शिवाची आई लवकर गेली होती. आत्या नवऱ्यामागं माहेरी आलेली. आली त्या दिवसापासून तिनं शिवाला पदराखाली घेतलं. घरातलं जातं गिरणीनं कधीच मुकं केलं होतं, पण ओव्या तिच्या ओठांवरून उतरल्या नव्हत्या. भाजी निवडताना, दिव्याची काच पुसताना, नुसतं बसल्या बसल्या पायाला तेल लावताना ती गुणगुणायची. शिवाला झोप लागायची ती त्या आवाजात, आणि झोपेतही मोर पायऱ्या चढत राहायचे.

पुढं कॉलेजसाठी ती सोलापुरात मामाकडं राहिली. मामाच्या गल्लीत दिवसभर यंत्रमागांची खडखड, भिंतीला कान लावला तर भिंतही खडखडायची. त्याच गल्लीतल्या एका बोळात कॉम्प्युटरवर चादरीची नक्षी काढायला शिकवणारा क्लास निघाला होता. शिवा सहज म्हणून डोकावली आणि जागच्या जागी उभी राहिली. पडद्यावर चौकटीच चौकटी. एक घर काळं, एक घर पांढरं. मोर कसा चढला ते तिला त्या दिवशी कळलं.

मग तिनं स्वतःची एक चादर काढली. काठाला धारूरच्या किल्ल्याचे बुरूज. आत सीताफळाची खवली, एकीत एक अडकलेली. मधोमध बेलाचं तिपान. दिवसभर घरं भरायची आणि दुसऱ्या दिवशी निम्मी पुसायची, कारण बुरूज बुरजासारखा दिसेना. तो कधी पेटीसारखा दिसे, कधी दातासारखा. एके दिवशी तो दिसला. सर मागं उभे होते. म्हणाले, "पोरी, ही मागावर चढायला पाहिजे."

चढली नाही. क्लास बंद पडला, सर इचलकरंजीला निघून गेले. जाताना त्यांनी एक सीडी तिच्या हातात ठेवली. तिच्यात ते नक्षीचं सॉफ्टवेअर आणि तिची चादर. "हे विंडोजवाल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर चालेल," सर म्हणाले. "दुसऱ्यावर नाही चालायचं, एवढं ध्यानात ठेव." दुसरा म्हणजे कोणता, हे शिवानं विचारलं नाही. विंडोज नसलेला कॉम्प्युटर तिनं पाहिलाच नव्हता. चुलीला जसा विस्तव, तसं कॉम्प्युटरला विंडोज, असंच तिला वाटे.

धारूरला परत आल्यावर ती सीडी तिनं एका खणात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. घरी कॉम्प्युटर नव्हता. पण कधी तरी दुपारी ती खण सोडायची, सीडी उन्हात धरायची. भिंतीवर सात रंगांचं एक चांदणं नाचायचं. चादर त्या चांदण्यात होती, कुठं तरी, घडी घातलेली.

*

मामानं स्थळ आणलं ते सोलापूरचं. सिद्धारामप्पांचा चादरींचा कारखाना. थोरला मुलगा अमेरिकेत, धाकटा संगमेश्वर कारखाना बघतो. त्यांचा म्हातारा नक्षीवाला वारला होता आणि आता नक्षी कॉम्प्युटरवर काढायची असं त्यांनी ठरवलं होतं. मामाचा निरोप आला: "पोरगी नक्षी काढणारी आहे म्हणून तर येतायत. कारखान्यातच बसेल म्हणतात."

वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, निरोप सांगितला तेव्हा शिवा पडद्याशी उभी होती. त्यातले शेवटचे शब्द तेवढे तिच्यात उतरले. कारखान्यातच बसेल. फोटो आला. खरं सांगायचं तर फोटोतल्या मुलाकडं तिनं एकदा बघितलं, आणि मग तिची नजर त्याच्या खांद्यामागं गेली. तिथं अर्धा माग दिसत होता. सूत लागलेला.

दिवाळी होऊन गेली होती. बालाघाटातली सीताफळं टोपल्यांनी बाजारात येत होती. त्या दिवसांत सकाळी गेलेली लाइट दिवेलागणीला यायची. अप्पांनी दुकानाचं एक फळकुट लावून घेतलं, आत सतरंजी अंथरली, आणि पाहुणे आले. सिद्धारामप्पा, त्यांच्या मंडळी सरस्वतीबाई, आणि संगमेश्वर. नमस्काराचं "शरणार्थ, शरणार्थ," झालं. पाणी झालं. आत चुलीपुढं आत्या शिवाच्या कपाळाला विभूती लावत होती आणि तोंडातल्या तोंडात म्हणत होती,

पाहाया आले पाव्हणे, म्हणती चालून दाव बाई
वाट माझ्या पायांखाली, पाय माझे माझे न्हाई

"आत्या, आज कशाला हे?"

"तोंडाला आलं. मला बघायला आलते तवा सुई-दोरा दिलता हातात. म्हणे, ओवून दाव. ओवला गं. एका झटक्यात ओवला."

"मला काय देतील?"

"काय का देईनात. तुला सगळं येतंय."

शिवा बाहेर येऊन बसली. सरस्वतीबाई हसून म्हणाल्या, "उभी राहा, चालून दाखव, गाणं म्हण, असलं आमच्यात न्हाई बरं का. आमी नव्या विचाराचे."

"व्हय तर," सिद्धारामप्पा म्हणाले आणि त्यांनी मांडीवरची पिशवी सोडली.

पिशवीतून निघाला पांढराशुभ्र लॅपटॉप. दुधात बुडवून काढावा तसा. अप्पा नकळत थोडे मागं सरकले, दुकानात कोरं धोतर उलगडताना सरकतात तसे.

"थोरल्यानं अमेरिकेतून पाठवलाय," सिद्धारामप्पा म्हणाले. "खास ह्या कामासाठी. म्हणला, अण्णा, नक्षीसाठी जगात याच्यापेक्षा भारी मशीन न्हाई."

आत्या पडद्याशी उभी होती. झाकणावरची खूण तिनं निरखून बघितली. "उष्टं फळ कावून काढलंय हो ह्याच्यावर?"

"आत्या!" शिवा पुटपुटली.

"कंपनीची खूण हाय ती, बाई."

"मग अख्खं काढायचं की. आमच्याकडं सीताफळाचा काय दुष्काळ पडलाय का? एक मागायचं, दिलं असतं." आणि सगळे हसायच्या आत तिनं बोटांवरची उरलेली विभूती झाकणावर तीन बोटांनी ओढली. फळाचा चावलेला कोपरा राखेखाली झाकला गेला. "आता कसं. घरात आलेल्या वस्तूला कोरं ठिवू न्हाई."

सरस्वतीबाईंना ते आवडलं. संगमेश्वर खाली बघून हसला. शिवालाही तो बरा वाटला, त्या एका हसण्यापुरता.

झाकण उघडलं. पंखा बंद, दिवा बंद, साऱ्या पेठेत लाइट नाही, आणि मन्मथप्पांच्या घरात लॅपटॉपचा पडदा उजळला. शेजारच्या दुकानातले दोघे फळकुटाच्या फटीतून बघू लागले.

"हां," सिद्धारामप्पा सरसावून बसले. "लाव तुझी चादर, बाळ."

शिवानं सीडी आणली. बाजूचा कप्पा बाहेर आला, तिनं सीडी ठेवली, कप्पा आत गेला. घरघर झाली. तिचं काळीज त्या घरघरीबरोबर फिरू लागलं. पडद्यावर सीडीचं चित्र उमटलं. पण बाकी काही ओळखीचं नव्हतं. खालच्या कोपऱ्यात जे असायचं ते नव्हतं, आणि वरती जे होतं ते तिनं कधी बघितलं नव्हतं. नव्या गावात उतरावं आणि पाट्या ओळखीच्या लिपीत असूनही एकही नाव कळू नये, तसं. तिनं सॉफ्टवेअरच्या चित्रावर दाबलं. पुन्हा दाबलं.

इंग्रजीत एक ओळ आली. शिवानं ती वाचली. पुन्हा वाचली.

"काय म्हणतंय?" सिद्धारामप्पांनी विचारलं.

"म्हणतंय... हे उघडता येईल असं माझ्याजवळ काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ह्याच्यात विंडोज नाही, काका. हे दुसऱ्या तऱ्हेचं मशीन आहे. माझं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. ह्याच्यावर नाही चालायचं."

 मग सिद्धारामप्पा हळूच म्हणाले, "बाळ, लाइट नसताना हे मशीन चालतंय. अन् तुझी चादर कावून चालंना?"

त्यात राग नव्हता. खरोखरचं कोडं होतं. शिवाला उत्तर माहीत होतं, पण ते उत्तर त्या घरात कुणाच्या ओळखीचं नव्हतं. रॉकेलची चूल आणि लाकडाची चूल अशी उपमा तिच्या तोंडावर आली. पण अमेरिकेहून आलेल्या मशीनला चूल कसं म्हणायचं? तिनं अप्पांकडं बघितलं. अप्पा तिच्याकडंच बघत होते.

"थांबा, थोरल्यालाच विचारतो," सिद्धारामप्पा उठले. मोबाइलला आत रेंज नव्हती. ते दुकानाच्या पायरीवर गेले आणि पेठेला ऐकू जाईल असं बोलू लागले. "झोपलास व्हय रे? तिकडं रात्र हाय, माहितेय. ऐक. तू पाठवलेल्या मशीनवर नक्षीचं सॉफ्टवेअर चालतं का न्हाई? ... चालतं? ... सगळं चालतं? ... काय टाकावं लागतं? ... हॅलो? हॅलो?"

आवाज तुटला. ते आत आले. चेहऱ्यावरचं कोडं सुटलं होतं.

"सगळं चालतं म्हणतोय."

"पण ते काही तरी टाकावं लागतं म्हणत होते," शिवा म्हणाली. "विंडोजच टाकावं लागत असेल. वेगळं. ते इथं नाही ना."

"पोरी, त्यो तिकडं ह्याच कामाला हाय. दिवसभर हेच करतोय."

"सुग्रीवच्या क्लासात विंडोजवालं मशीन आहे. इथंच, पेठेच्या टोकाला. संध्याकाळी लाइट आली की तिथं दाखवते मी. लगेच दाखवते."

"मांडीवर मशीन असताना बाजारात कुणाच्या दारात जायचं? अन् संध्याकाळी? आम्हाला घाट उतरायचाय."

तिनं ट्रंकेतले कागद आणले. चादरीची नक्षी छापलेले, एकाला एक चिकटवलेले. सतरंजीवर ते उलगडत गेले, बुरुजामागून बुरूज. संगमेश्वर पुढं वाकला. त्याचं बोट खवल्यांवरून सरकत एका कोपऱ्याशी थांबलं. तिथं खवली वळून बुरजाला मिळत होती, आणि तीच जागा शिवानं सगळ्यांत जास्त वेळा पुसून काढली होती. पण सिद्धारामप्पा म्हणाले, "कागद कुणाचाबी असतो, बाळ. क्लासात सगळ्या पोरांना असले कागद देतात."

"मग चौकटीचा कागद द्या. हातानं काढून दाखवते. आत्ता, तुमच्यासमोर."

"हातानं काढणारा आमच्याकडं होता. वारला बिचारा. आता हातानं न्हाई करायचं." ते अप्पांकडं वळले, आवाज खाली आणून. "मन्मथप्पा, मनाला लावून घिऊ नका. पोरीच्या बाबतीत चार शब्द वाढवून सांगावेच लागतात. मी बी बहिणीच्या वेळंला सांगितलं होतं."

"मी वाढवून न्हाई सांगितलं," अप्पा म्हणाले. एवढंच.  कापडाची जात ते डोळे मिटून बोटानं सांगत. ह्या पांढऱ्या मशीनवरून त्यांनी मघाशी एकदा बोट फिरवलं होतं आणि त्यांना काहीच कळलं नव्हतं.

शिवा पडद्याकडं बघत राहिली. ती ओळ अजून तिथंच होती. उघडता येईल असं माझ्याजवळ काही नाही.

"जाऊ द्या ओ," सरस्वतीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "पोरगी घाबरलीय. एवढं काय लागून राहिलंय त्यात?"

आत पडद्यामागं आत्या भिंतीला टेकून बसली होती. शिवा आत आली तेव्हा ती म्हणाली, "बिननेढ्याची सुई दिली गं तुला. अन् वरून म्हणतात, हिला ओवता येत न्हाई."

*

निघायच्या गडबडीत आत्या सीताफळं बांधून देत होती. संगमेश्वर पाणी मागायच्या निमित्तानं पडद्याशी आला.

"ते दुसऱ्याच तऱ्हेचं मशीन हाय, असंच ना?" तो हळू म्हणाला.

"हो."

"मला वाटलंच. आमचं बिलाचं सॉफ्टवेअर बी चाललं न्हाई त्याच्यावर."

शिवाच्या जिवात जीव आला. "मग सांगा ना! तुम्ही सांगितलं तर ऐकतील."

त्यानं बाहेर बघितलं. सिद्धारामप्पा लॅपटॉप अप्पांनी दिलेल्या धोतराच्या घडीत गुंडाळत होते, तान्ह्या बाळाला गुंडाळावं तसा.

"अण्णांनी ह्या मशीनचे गल्लीभर पेढे वाटलेत," तो म्हणाला. तांब्या खाली ठेवला. पाणी त्यानं प्यायलंच नव्हतं.

गाडी निघून गेली. दिवेलागणीला लाइट आली. शिवा सीडी घेऊन निघाली आणि अप्पा चपला घालून तिच्या मागं.

सुग्रीवचा क्लास म्हणजे एक खोली, टायपिंगची मशिनं आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर. "या अप्पा! धोतराचा भाव कॉम्प्युटरवर काढायचाय का?" असं म्हणत त्यानं खुर्ची पुढं केली.

"थोडा वेळ पाहिजे," शिवा म्हणाली.

"बस की, ताई. पण मशीनमधे जागा न्हाई. परीक्षेची पोरं उद्या येतात. बघून झालं की काढून टाक बरं का."

सीडी आत गेली. घरघर. ओळखीचं निळं, ओळखीचा कोपरा. सॉफ्टवेअर एका दमात बसलं, जशी लेक माहेरच्या पाटावर बसते. आणि मग वरून खाली, एकेक ओळ, चादर उलगडली. बुरूज. खवली. बेलाचं तिपान.

अप्पा उभेच होते. ते वाकले, चष्मा सावरला आणि पडद्यावर बोट फिरवलं, कापडावरून फिरवतात तसं.

"हा किल्लाय."

"हो."

"हा आपल्याकडचा बुरूज. पश्चिमेचा. ढासळलेला बी दाखवलास?"

"हो, अप्पा."

ते बराच वेळ बघत राहिले. सुग्रीव म्हणाला, "हे दाखवायचं होतं व्हय सकाळी? मग ते अमेरिकेचं मशीन..."

"फोन लावतो मी," अप्पा म्हणाले. "आत्ताच लावतो. म्हणतो, पुन्हा या. न्हाई तर आमीच येतो सोलापूरला. सीडी घिऊन येतो."

शिवानं नक्षी बंद केली. सांगितल्याप्रमाणे सगळं काढून टाकलं, सीडी पदरात घेतली आणि अप्पांच्या मागं जवळजवळ पळत निघाली. पळताना तिला माग ऐकू येत होता. खडखड, खडखड.

दुकानात शिरतात तर फोन वाजत होता. अप्पांनी उचलला.

"शरणार्थ... व्हय, व्हय, मीच... आत्ता तुम्हालाच लावणार होतो. ते पोरीचं... " मग ते ऐकत राहिले. हळूहळू खाली बसले. "व्हय... व्हय... लई मोठं मन तुमचं... न्हाई, पण ऐका, ती चादर चालली. आत्ता बघून आलो मी... न्हाई तसं न्हाई..." पुन्हा ऐकत राहिले. "बरं... बरं... शरणार्थ."

फोन ठेवला. आत्या पडदा धरून उभी होती.

"पसंत हाय," अप्पा म्हणाले.

आत्यानं तोंडावर पदर धरला. शिवा म्हणाली, "आणि चादर?"

"सांगितलं मी."

"काय म्हणाले?"

अप्पा फोनकडं बघत राहिले. "म्हणले, आता कशाला त्यो विषय. मंडळींना पोरगी आवडली. सोज्वळ हाय म्हणले, कामाला चपळ दिसती म्हणले. नक्षीला ते पगारी माणूस बघतायत. तुला कारखान्यात यायची गरजच न्हाई म्हणले. घरात राहा म्हणले सुखानं."

"मी खोटं बोलले असं वाटतं ना त्यांना?"

"वाटलं तरी पोटात घातलं की त्यांनी."

"पण मी खोटं बोललेच नाही!"

"मला माहीत हाय, बाळ."

"मग नको म्हणा."

 बाहेर फळकुटाशी शेजारचे दोघे येऊन थांबले होते. फोनचा आवाज पेठेत सगळ्यांना कळतो. "जमलं का हो, अप्पा?" त्यांतल्या एकानं विचारलं. अप्पांनी शिवाकडं बघितलं, मग त्याच्याकडं. मान हलली. होकाराची की नुसतीच, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण बाहेर ती होकाराची ठरली. "पेढे, पेढे!" बाहेरून हाक आली आणि पेठेच्या टोकापर्यंत गेली.

नकार आला असता तर शिवा रडली असती, आत्या दोन ओव्या म्हणाली असती, आणि दिवस पुढं सरकले असते. होकारापुढं रडायचं कसं, ते कुणी शिकवलेलं नसतं.

*

साखरपुड्यानंतर संगमेश्वरचा एकदा फोन आला. अप्पा मुद्दाम गिऱ्हाईकाला घेऊन लांब सरले.

"त्या कोपऱ्यातलं वळण," तो म्हणाला. "खवली बुरजाला मिळते ते. ते कसं काढलंस?"

शिवा बोलू लागली. एक घर सोडून दोन घरं, मग एक. ती भराभर बोलत गेली, तो हं हं म्हणत गेला. मग ती थांबली आणि म्हणाली, "अण्णांना सांगाल?"

"दादा उन्हाळ्यात यायचाय. त्याच्यासमोर बोलू. त्यालाच बोलू द्यावं."

"लग्न उन्हाळ्याच्या आधी आहे."

"व्हय," तो म्हणाला. "नंतर बघू. काही तरी करू नंतर." आवाज चांगला होता त्याचा. त्यात आधार सोडून सगळं होतं.

रुखवताची तयारी सुरू झाली. आत्याच्या अंगात वारं शिरलं. शेवयांचे किल्ले, खारकेची बैलजोडी, लोकरीचं तोरण. शिवा हाताला येईल ते करत होती. सीडीची आठवण तिनं काढली नाही. ट्रंक उघडली तरी खण सोडला नाही.

एका दुपारी ती विहिरीवरून आली तर आत्या खिडकीशी उजेडात बसलेली. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर मखमल, आणि मखमलीवर चिकटवलेली सीडी. चकचकीत बाजू वर. तिच्या कडेनं आत्या मणी लावत होती. डिंकाच्या वाटीत काडी बुडवायची, सीडीवर ठिपका ठेवायचा, ठिपक्यावर मणी. निम्मी कड भरली होती.

शिवा दारातच थांबली.

"तुला दावणारच न्हवते," आत्या लाजून म्हणाली. "मांडवातच बघशील म्हटलं. ट्रंकेत पडून पडून काय करती ती? मला वाचता येत न्हाई, पण हिच्यात तुझं काम हाय एवढं ठावं हाय मला. त्यांच्या मशीनला न्हाई दिसलं. आता मांडवात चारशे माणसं बघतील. सगळ्यांच्या मधोमध ठिवते मी."

शिवाच्या तोंडात शब्द आले. आत्या, मशीन वाचतं ती हीच बाजू आहे. आत्या, डिंक लागला की संपलं. आत्या, दुसरी नाही. एकावर एक ते शब्द चढत गेले, एक घर वर, एक घर बाजूला. आत्यानं मान वर केली. तिच्या चष्म्यावर सीडीचे सात रंग पडले होते.

"वंगाळ दिसतंय का गं?"

"नाही."

"मग अशी का उभी?"

"लई छान झालंय, आत्या."

आत्या खुलली. "बुरूज हाय म्हणलीस ना काठाला? म्हणून मणी असे लावलेत बघ. एक वर, एक खाली." तिनं पुठ्ठा लांब धरला, मान तिरकी केली. "ह्या मधल्या भोकाचं काय करू? मोकळं बरं न्हाई दिसत."

पाहुण्यांच्या दिवशीच्या सीताफळांच्या बिया आत्यानं खिडकीत वाळत घातल्या होत्या, केसांच्या औषधाला. शिवानं त्यांतली एक उचलली. काळी, गुळगुळीत. ती आत्याशेजारी बसली, काडी डिंकात बुडवली आणि बी भोकात बसवली. अंगठ्यानं दाबून धरली, सुटू नये म्हणून.

सीडीत मागचा पडदा दिसत होता. दोन्ही मोर त्यात मावले होते, लहानसे, रंगीत. इतक्या लांबून त्यांच्या माना गोल दिसत होत्या.

"हात काढ आता," आत्या म्हणाली. "वाळलं असंल."

शिवानं अंगठा आणखी थोडा वेळ तसाच ठेवला.